पाणी वाहून गेल्यावर येणारा अहवाल

पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या उपनगरांत एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. घाटकोपरच्या एखाद्या चाळीत किंवा मुलुंडच्या जुन्या सोसायटीत सकाळी नळाला गढूळ, उग्र वासाचे पाणी येते. रहिवासी विभाग कार्यालयाकडे धाव घेतात. पालिकेचा कर्मचारी निर्जंतुक बाटलीत नमुना घेतो, बाटली प्रयोगशाळेत जाते आणि अहवालाची प्रतीक्षा सुरू होते. पाण्यातील ई-कोलाय जिवाणू वाढवून मोजण्यासाठी २४ ते ४८ तास लागतात. हा वेळ कोणाच्या आळसामुळे जात नाही. जिवाणूंना वाढायला तेवढा अवधी लागतोच. मात्र अहवाल हाती येतो तेव्हा ज्या पाण्याविषयी तो बोलत असतो, ते पाणी केव्हाच पिऊन झालेले असते.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय आढळताच कामा नये. मानक कडक आहे आणि योग्यही आहे. उणीव आहे ती वेळेची. या उणिवेची किंमत काय असू शकते, हे महाराष्ट्राने जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात पाहिले. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात 'जीबीएस' या मज्जातंतूंच्या दुर्मीळ आजाराचे रुग्ण अचानक वाढले आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. माणसे रुग्णालयात पोहोचल्यावर विहिरी, टँकर आणि जलशुद्धीकरण केंद्रे तपासण्याची धावपळ सुरू झाली. आधी रुग्ण, मग नमुना हा क्रम उलटा करता येईल काय, हा खरा प्रश्न आहे.

तो काही प्रमाणात उलटा करता येईल असे एक साधन विज्ञानाने बरेच आधी विकसित केले आहे. ते म्हणजे प्रकाशतंतूच्या साह्याने पाण्याची प्रतिदीप्ती मोजणे. त्याच्या अगदी जवळच्या नात्यातले संशोधन याच उपनगरांच्या कुशीत, पवईच्या आयआयटीत झालेले आहे. तरीही नळाच्या पाण्यापर्यंत किंवा नाल्याच्या तोंडापर्यंत ते ठळकपणे पोहोचलेले नाही. याची कारणे तंत्रज्ञानात थोडी आणि व्यवस्थेत अधिक आहेत.

चमकणारे पाणी

प्रतिदीप्ती म्हणजे इंग्रजीतील फ्लुओरेसन्स. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून घेतात आणि लगेच दुसऱ्या, कमी ऊर्जेच्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. बँकेतील रोखपाल पाचशेची नोट अतिनील दिव्याखाली धरतो आणि नोटेतले तंतू उजळतात, ती हीच क्रिया. पांढऱ्या कपड्यांना घरोघरी दिल्या जाणाऱ्या टिनोपालचे रहस्यही हेच. त्यातील रसायन सूर्यप्रकाशातील अदृश्य अतिनील किरणे शोषून निळसर प्रकाश परत करते आणि सदरा 'शुभ्र' भासतो. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ साली या घटनेचा पद्धतशीर अभ्यास मांडला आणि तिला नावही दिले. त्याच्या प्रयोगांत हिवतापावरील क्विनाइनचे द्रावण प्रमुख होते.

पाण्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की मैलापाणी चमकते. जिवाणूंमध्ये आणि त्यांनी पाण्यात सोडलेल्या द्रव्यांत ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असते. सुमारे २८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश टाकला की ते ३५० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश परत करते. कुजलेल्या पालापाचोळ्यातील ह्युमिक द्रव्ये वेगळ्या तरंगलांबीला चमकतात, खनिज तेले आणखी वेगळ्या, आणि कपडे धुतलेल्या पाण्यातील पांढरेपणाची रसायने निळी. म्हणजे प्रत्येक दूषितकाची एक फिकट सही पाण्यावर उमटलेली असते. ती वाचायला जिवाणू वाढवत बसावे लागत नाही. काही सेकंद पुरतात.

दुसरा प्रकार याच्या उलट आहे. रुथेनियम या धातूच्या काही संयुगांची चमक प्राणवायूच्या सान्निध्यात मंदावते. पाण्यात प्राणवायू जितका अधिक, तितकी चमक अल्पजीवी. हे संयुग तंतूच्या टोकावर पातळ थरात बसवले आणि चमक किती काळ टिकते ते मोजले, की पाण्यात विरघळलेला प्राणवायू कळतो. पूर्वीच्या विद्युत पद्धतीच्या यंत्रात पडदा आणि द्रावण वारंवार बदलावे लागे, शिवाय यंत्र स्वतःच थोडा प्राणवायू खाऊन टाकी. प्रकाशाच्या पद्धतीत या दोन्ही कटकटी नाहीत. जगभरच्या मैलापाणी प्रक्रिया केंद्रांत ती आता रुळली आहे.

साधा तंतू का चालत नाही?

दूरध्वनी आणि इंटरनेटसाठी अंधेरी ते बोरिवली जमिनीखाली प्रकाशतंतूंचे जाळे पसरले आहे. मग त्याच तंतूने पाणी का तपासता येऊ नये, असे कोणालाही वाटेल. मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासह तंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. चार्ल्स काव यांनी १९६६ साली काच पुरेशी शुद्ध केली तर तंतूतून दूरवर संदेश नेता येतील असे दाखवून दिले आणि २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या परंपरेतला तंतू प्रकाशाला आत कोंडून ठेवण्यासाठी घडवलेला असतो. रासायनिक संवेदनासाठी मात्र प्रकाशाने बाहेर डोकावून पदार्थाला स्पर्श करणे आवश्यक असते. गरज इतकी वेगळी, म्हणून तंतूही वेगळा.

फरक दोन ठिकाणी आहे. पहिला काचेचा. संदेशवहनाचा तंतू १५५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशासाठी बेतलेला असतो, तर ट्रिप्टोफॅनसाठी २८० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश लागतो. असा प्रकाश सतत सोडल्यास सामान्य तंतूची काच हळूहळू काळवंडते आणि यंत्राचे वाचन खोटे पडू लागते. त्यासाठी अतिनील प्रकाश सहन करणारी खास शुद्ध सिलिका वापरावी लागते. दुसरा फरक रचनेचा. सर्वांत सोप्या रचनेत मधला तंतू प्रकाश पाठवतो आणि भोवतालचे तंतू पाण्याची चमक टिपतात. दुसऱ्या रचनेत टोकावर रसायनाचा लेप असतो. तिसऱ्या रचनेत तंतूचे बाह्य आवरण काढून टाकतात. मग आतल्या प्रकाशाची झुळूक पृष्ठभागाबाहेर, केसाच्या जाडीच्या तुलनेत नगण्य अंतरापर्यंत, झिरपते आणि तेथे चिकटलेल्या रेणूंशीच बोलते. चौथा प्रकार पोकळ किंवा सच्छिद्र तंतूंचा. फिलिप रसेल यांच्या गटाने १९९६ साली छिद्रांच्या जाळीचा असा पहिला तंतू प्रत्यक्षात आणला. त्याच्या बारीक छिद्रांत थेंबभर नमुना भरला, की प्रकाश आणि पाणी यांची भेट बऱ्याच लांबीवर घडते. भारतात खास प्रकारच्या तंतूंचे काम कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत दीर्घकाळ चालले आहे.

पवईची वाट

आयआयटी मुंबईतील प्रा. सौम्यो मुखर्जी, प्रा. तपनेंदु कुंडू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसऱ्या रचनेचा मार्ग धरला. तंतू इंग्रजी 'यू' अक्षरासारखा वाकवला की वळणापाशी अधिक प्रकाश बाहेर झिरपतो आणि संवेदनक्षमता वाढते. या 'यू' तंतूवर सोन्याचे सूक्ष्म कण बसवून जैविक रेणू ओळखण्याची पद्धत त्यांनी २००९ साली प्रसिद्ध केली. २०११ च्या शोधनिबंधात अशाच तंतूवर ई-कोलायला पकडणारी प्रतिद्रव्ये बसवून २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने जिवाणू टिपल्याचे त्यांनी दाखवले.

येथे एक भेद स्पष्ट करायला हवा. पवईचे हे काम प्रतिदीप्तीचे नव्हे, शोषणाचे आहे. जिवाणूंनी किती प्रकाश परत दिला याऐवजी किती गिळला, हे त्यात मोजले जाते. परंतु तरंगलांबी तीच २८० नॅनोमीटरची आणि प्रकाश गिळणाऱ्या रेणूंत प्रमुख तोच ट्रिप्टोफॅन. शोषण ही प्रतिदीप्तीची पहिली पायरीच होय. शिवाय प्रतिद्रव्यांमुळे नेमका जिवाणू ओळखता येतो, तर नुसत्या चमकेने मैल्याचा सर्वसाधारण सुगावा लागतो. एक पद्धत नेमकी पण नाजूक, दुसरी ढोबळ पण दणकट. या दोन्हींची जोड घालणारे कौशल्य मुंबईत आहे, ते आयात करावे लागणार नाही.

ढोबळ पद्धतीचाही उपयोग किती, याचा अनुभव अन्यत्र जमा झाला आहे. झांबियातील पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांवर ट्रिप्टोफॅनसदृश चमक मोजणारी यंत्रे नेऊन ब्रिटिश संशोधकांनी २०१५ साली असे दाखवले, की ती चमक मैल्याच्या दूषिततेची तत्काळ खूण ठरू शकते. पुढे २०१८ साली भारत, मलावी, दक्षिण आफ्रिका आणि झांबिया येथील स्रोतांच्या नोंदी एकत्र करून, किती चमक दिसल्यावर पाणी संशयास्पद मानावे याची मर्यादा सुचवण्यात आली. म्हणजे हे स्वप्नरंजन राहिलेले नाही.

मर्यादा कोणत्या?

तथापि यंत्राला देवत्व देण्याची घाई नको. चमक दिसली म्हणजे रोगजंतू सापडले असे नव्हे. ती केवळ संशयाची खूण आहे. पावसाळ्यातील गाळ प्रकाश अडवतो आणि विखुरतो. पाणी तापले की चमक मंदावते, त्यामुळे तापमानाची दुरुस्ती करावी लागते. पालापाचोळ्याची चमक मैल्याच्या चमकेत मिसळते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन ट्रिप्टोफॅनवर क्रिया करून चमक घटवते. म्हणून तेथे एकट्या चमकेवर विसंबता येणार नाही. अवशिष्ट क्लोरीन घटले आणि त्याच वेळी चमक वाढली, तरच वाहिनीत बाहेरचे घाण पाणी शिरल्याची शंका बळावते. सर्वांत मोठी अडचण अगदी सामान्य आहे. पाण्यात बुडवलेल्या काचेवर शेवाळाचा आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर जमतो. तो पुसला नाही तर लाखोंचे यंत्र आपल्याच अंगावरची घाण मोजत बसते.

या मर्यादा लक्षात घेऊन जागा निवडल्या तर उपनगरांत तीन ठिकाणी हे साधन सार्थकी लागेल.

पहिले ठिकाण मैलापाणी केंद्रांचे. मुंबईतील सात नव्या केंद्रांचा शिलान्यास १९ जानेवारी २०२३ रोजी झाला. एकूण क्षमता प्रतिदिन २,४६४ दशलक्ष लिटर आणि अंदाजित खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये. सातांपैकी मालाड (४५४), घाटकोपर (३३७), भांडुप (२१५) आणि वर्सोवा (१८० दशलक्ष लिटर) ही केंद्रे उपनगरांत आहेत. मैल्याचे विघटन करणाऱ्या जिवाणूंना हवा पुरवणे हे अशा केंद्रांचे मुख्य काम आणि विजेच्या खर्चाचा फार मोठा वाटा त्यावरच पडतो. प्राणवायू कमी पडला तर प्रक्रिया फसते. अधिक दिला तर वीज वाया जाते. येथे प्रतिदीप्तीचा तंतू रोजच्या रोज पैसे वाचवील. घाटकोपर आणि भांडुपचे पाणी ज्या ठाणे खाडीत जाते, तिला २०२२ साली रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. रोहित पक्ष्यांच्या त्या खाडीचे आरोग्य याच मोजमापावर अवलंबून आहे.

दुसरे ठिकाण नद्या आणि नाले. बोरिवलीतून जाणारी दहिसर नदी, कांदिवलीची पोईसर, ओशिवरा आणि मिठी या चारही नद्या डोंगरातून किंवा तलावातून निघतात आणि वस्तीत शिरताच मैलापाणी वाहू लागतात. कोरड्या दिवसांत त्यात जे वाहते ते पावसाचे पाणी नसते, हे उघड आहे. पण कोणत्या वळणावर, कोणत्या नाल्यातून आणि रात्री किती वाजता घाण सोडली जाते, हे महिन्यातून एकदा बाटली भरून कळत नाही. प्रत्येक जोडनाल्याच्या तोंडाशी चमक मोजली तर घरगुती मैला, गोठ्याचे शेण आणि कारखान्याचे तेल यांचा ठावठिकाणा स्वतंत्रपणे लावण्यास मोठी मदत होईल.

तिसरे ठिकाण पाणीपुरवठ्याच्या वितरणाचे. भांडुप संकुलात शुद्ध झालेले पाणी सेवा जलाशयांतून ठरावीक तासच सोडले जाते. पुरवठा थांबला की वाहिनीतील दाब उतरतो आणि जेथे गळती आहे तेथून भोवतालचे घाण पाणी आत ओढले जाते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अंधेरीत सीप्झजवळ मेट्रोच्या कामात वेरावली जलाशयाची १,८०० मिलिमीटर व्यासाची वाहिनी फुटली, तेव्हा पाण्याचा लोंढा सर्वांनी पाहिला आणि दुरुस्ती पथके तातडीने धावली. वाहिनीतून बाहेर पडणारे पाणी दिसते. आत शिरणारे दिसत नाही. ते दिसावे यासाठीच क्लोरीन, दाब आणि चमक या तिन्हींची एकत्र नोंद हवी.

घंटा कोणी ऐकायची?

आता मूळ दुखण्याकडे यावे लागते. समजा, मध्यरात्री यंत्राने इशारा दिला. तो कोणाच्या मोबाइलवर जाणार? पाणी बंद करण्याचा अधिकार त्या वेळी जागेवर असलेल्या अभियंत्याला आहे की फाइल वर पाठवावी लागणार? इशारा खोटा ठरला आणि हजार घरांचे पाणी उगाच बंद झाले, तर त्या अभियंत्याच्या पाठीशी कोण उभे राहणार? या प्रश्नांची लेखी उत्तरे तयार नसतील तर यंत्र बसवून उपयोग नाही. इशारे दुर्लक्षिले जातील आणि कालांतराने यंत्रच बंद ठेवले जाईल.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यायला हवी. १९७४ च्या जलप्रदूषण अधिनियमाच्या कलम २१ मध्ये नमुना घेण्याची सविस्तर रीत आहे. संबंधिताला सूचना देऊन नमुन्याचे दोन भाग करायचे, मोहोर लावायची, सह्या घ्यायच्या. पुरावा म्हणून ही काळजी आवश्यकच आहे. परंतु नाल्यात पहाटे तीनला सोडलेले सांडपाणी कर्मचाऱ्याची वाट पाहत थांबत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली अतिप्रदूषक ठरवलेल्या १७ प्रकारच्या उद्योगांना सतत मोजणारी यंत्रे बसवण्याचे निर्देश दिले. पाऊल योग्य होते. पण ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्याच आवारात आणि त्याच्याच ताब्यात यंत्र, ही त्यातील मेख आहे. नाल्यावरचे यंत्र सार्वजनिक यंत्रणेच्या ताब्यात असेल. त्याचे वाचन न्यायालयात पुरावा ठरणार नसले तरी मोहोरबंद नमुना नेमका केव्हा आणि कोठे घ्यायचा, हे ते सांगेल. घंटा न्यायनिवाडा करत नाही, पण पहारेकऱ्याला जागे करते.

उरतो खरेदीचा प्रश्न. आपल्या निविदा यंत्र विकत घेतात. ते पुसणारा हात विकत घेत नाहीत. सर्वांत कमी दर देणाऱ्याचे यंत्र बसते, उद्घाटन होते, हमीचा काळ संपतो आणि काचेवर थर जमू लागतो. याऐवजी यंत्राची किंमत न देता अचूक वाचनाच्या प्रत्येक दिवसाचे पैसे द्यावेत, दर आठवड्याला यंत्राचे वाचन प्रयोगशाळेतील अहवालाशी ताडून पाहावे आणि दोन्ही आकडे विभागवार लोकांसमोर ठेवावेत. आकडे उघड झाले की देखभाल आपोआप सुधारते, कारण कोरी राहिलेली रकाने नागरिकांना दिसतात. प्रारंभ एखाद्या विभागातील एका जलाशयाने आणि एका नाल्याने करावा. संपूर्ण पावसाळा काढावा. चुकलेले इशारेही लपवू नयेत.

प्रयोगशाळेतील बाटली यामुळे निरुपयोगी ठरणार नाही. अंतिम निवाडा तिचाच राहील. पण सध्या बाटली केव्हा भरायची हे नागरिकाच्या नाकावर आणि मुलाच्या पोटदुखीवर ठरते. मुंबईला दररोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते. त्या प्रमाणात नमुन्यांच्या बाटल्या कितीही वाढवल्या तरी त्या नगण्यच राहणार.

पवई तलाव भरला की त्याच्या सांडव्यावरून पाणी मिठीत उतरते. तलावाच्या काठावर १९५८ साली स्थापन झालेली देशातील एक अग्रगण्य विज्ञानसंस्था उभी आहे. खाली उतरलेली नदी साकीनाका, कुर्ला, कलिना असे करत माहीमच्या खाडीपर्यंत काळी होत जाते. काठावरच्या प्रयोगशाळेत पाण्याची सही वाचण्याची विद्या आहे आणि काही पावलांवर ते पाणी कोणी न वाचताच वाहून जात आहे. हे अंतर काही पावलांचेच आहे; ते ओलांडण्यासाठी नव्या शोधाची नव्हे, तर इशारा आल्यावर उठून जाणाऱ्या जबाबदार माणसाची नेमणूक करण्याची गरज आहे.